नास्तिकाची अखेरची इच्छा

नोव्हेंबर उजाडला की आपल्या समाजात मृतांची आठवण जागी होते. पहिल्या तारखेला सकल संतांचा सण, दुसऱ्या तारखेला सकल मृतांचा दिवस. कबरींवरचे गवत काढले जाते, क्रूसाला चुना लागतो, मेणबत्त्या पेटतात, मृतांच्या नावाने मिस्सा अर्पण होते. या साऱ्यामागे एक गृहीत असते. आपले माणूस कोठेतरी आहे आणि आपण त्याच्यासाठी जे करतो ते त्याला पोचते. हे गृहीतच ज्यांच्यापाशी नाही ते मरणाकडे कसे पाहत असतील, असा प्रश्न आम्हांला पडतो. दूरच्या युरोपातील तत्त्वज्ञांपेक्षा आपल्याच कृष्णाकाठच्या माणसांना तो विचारून पाहावा असे आम्हांला वाटते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४५ रोजी साताऱ्यात झाला. सकल संतांच्या दिवशी जन्मलेला हा मनुष्य पुढे निरीश्वरवादी निघाला. हा योगायोग त्यांना कोणी सांगितला असता तर ते मोकळेपणी हसले असते, असे आम्हांला वाटते. महाविद्यालयीन शिक्षण सांगलीच्या विलिंग्डनमध्ये आणि वैद्यकीय शिक्षण मिरजेत. काही वर्षे व्यवसाय करून ते समाजकार्याकडे वळले आणि १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. समितीचे वार्तापत्र सांगलीहून निघू लागले. समितीने देवाधर्माविषयी तटस्थ राहावे आणि फसवणुकीला, शोषणाला विरोध करावा, ही त्यांची भूमिका. स्वतःपुरते मात्र ते ईश्वर मानीत नसत. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात फिरायला निघाले असता पुलावर त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या.

मरणोत्तर देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, ही त्यांची इच्छा होती. परलोक न मानणाऱ्याला या लोकी शेवटचे जे देता येते ते हेच. आपल्या राज्यात १९४९च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने अशा दानाला वाट करून दिली आहे, आणि अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी त्या अनाम देहापुढे आदराने उभे राहून शपथ घेतात. परंतु खून झालेल्या देहाची उत्तरीय तपासणी करावीच लागते, आणि तसा देह अध्ययनाच्या उपयोगी राहत नाही. मारेकऱ्यांनी त्यांचे आयुष्य हिरावले, आणि आयुष्याच्या शेवटी द्यायचे दानही हिरावले. साताऱ्यात कोणत्याही धर्मविधीवाचून त्यांचे दहन झाले. मुलगा असताना कन्या मुक्ता यांनी अग्नी दिला. रक्षा नदीत न सोडता त्यांच्या शेतात विखुरली गेली.

कृष्णाकाठच्या गावांत दहाव्या दिवशी काय घडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या साध्या कृतींचे वजन कळेल. पिंड मांडले जातात आणि सगळे कावळ्याची वाट पाहत बसतात. कावळा शिवला नाही तर मृताचे काही मागे राहिले असे समजतात. मग भाऊबंदांतला कोणी पुढे होतो, हात जोडतो आणि म्हणतो, ‘तुमच्या लेकीचे लग्न आम्ही करून देऊ, काळजी करू नका.’ कावळा झेपावतो, बायका डोळे पुसतात. बुद्धिवादी या प्रकाराला हसतो. भूक लागलेला पक्षी कोणाच्या वचनाची वाट पाहत नाही, हे त्याचे म्हणणे खरेच आहे. तरीही त्या घाटावर चारचौघांसमक्ष एक वचन दिले जाते, आणि मृत माणूस ऐकत आहे या धाकाने पुष्कळदा ते पाळलेही जाते. ते वचन आम्हांला हसण्यासारखे वाटत नाही.

आता नास्तिकाच्या घरचे पाहा. गेलेला माणूस ऐकत नाही, पाहत नाही, रागावणार नाही आणि स्वप्नातही येणार नाही, अशी त्या घराची धारणा. मग त्याची अखेरची इच्छा पाळायची कोणासाठी? नातेवाइकांचा आग्रह असतो, गावाचे डोळे असतात, थकलेली आई असते. चार मंत्र म्हटले तर बिघडते कुठे? गेलेल्याला तर काहीच कळणार नाही! आमच्या मते नास्तिकतेची खरी कसोटी परलोकाच्या वादात लागत नसून येथे लागते. ज्याच्याकडून शाबासकी नाही आणि शापही नाही, अशा माणसाला दिलेला शब्द पाळणे, तोही तो माणूस उरलाच नाही असे मानून! आपण श्रद्धावंत मृतांशी इमान राखतो, तेव्हा त्यात भयाचा आणि आशेचा वाटा किती असतो, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी तपासावे.

या मातीला हे सर्वस्वी नवे नाही. जोतीराव फुले यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, सावित्रीबाईंचे माहेर त्याच जिल्ह्यातील नायगाव. जोतीराव नास्तिक नव्हते, निर्मिकाला मानीत; पण मध्यस्थ मानीत नसत. आपला देह मिठात पुरावा, ही त्यांची इच्छा नगरपालिकेने मान्य केली नाही. १८९० साली त्यांचे दहन झाले, तेव्हा अंत्यविधीच्या मानावरून तंटा उभा राहिला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरून अग्नी दिला. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर तर उघड अज्ञेयवादी. पुण्याच्या सनातन्यांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५च्या जून महिन्यात, वयाची चाळिशीही न गाठता, ते गेले. आपल्या दहनाचा खर्च त्यांनी एका पुरचुंडीत आधीच बांधून ठेवला होता, असे सांगतात. मरणानंतर काय, या प्रश्नाला दमेकऱ्याने दिलेले ते उत्तर होते: मागे राहणाऱ्यांवर ओझे नको.

श्रद्धा आणि अश्रद्धा यांत काही अंतरच नाही, असे म्हणणे ही दोघांचीही फसवणूक होईल. ख्रिस्तसभेने १९६३ साली दहनाला मुभा दिली, पण रक्षा उधळू नये, पवित्र जागी ठेवावी, असे रोमने २०१६ साली पुन्हा बजावले. देह पुन्हा उठणार आहे, हा आपला विश्वास. म्हणून मृताला नाव असलेली जागा हवी. शेतात मिसळलेली रक्षा वेगळे काही सांगते. ती म्हणते, माणूस मातीचा होता आणि आता पिकाचा झाला. सातारा-सांगलीकडे आता काही घरांतून रक्षेवर झाड लावले जाते. लावणाऱ्यांत देव मानणारेही आहेत.

आणखी एक अंतर न्यायाचे आहे. आपल्यापाशी अखेरचा न्यायनिवाडा आहे. येथे सुटलेला तेथे सुटणार नाही, असे म्हणून आपण अन्याय गिळतो; कधी कधी त्या आधाराने न्यायालयाची पायरी चढण्याचाही आळस करतो. नास्तिकाला ही सोय नाही. डॉ. दाभोलकरांच्या खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी पुण्यात लागला: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष सुटले. जवळजवळ अकरा वर्षे त्यांच्या माणसांनी जो पाठपुरावा केला, तो दुसरे कोणतेही न्यायासन नाही या जाणिवेने केला. दुसरे न्यायासन मानणाऱ्या आम्हांला ती चिकाटी पाहून थोडे ओशाळे व्हावे लागते.

नास्तिकाच्या घरी समाचाराला जाताना आपली जीभ अडखळते. ‘देवाची मर्जी’ हे आपले तयार वाक्य तेथे चालत नाही. खरे तर पुष्कळ ख्रिस्ती घरांतही ते दुखऱ्या जागी दगडासारखे पडते. तेथे मृताचे एखादे काम आठवून सांगावे, नाही तर गप्प बसावे.

राहिला प्रार्थनेचा प्रश्न. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली शिकविले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना देवाची ओळख पटली नाही, पण जे सचोटीने जगण्याचा यत्न करतात, त्यांनाही कृपेचे साहाय्य नाकारले जात नाही. पुढच्याच वर्षी तिने हेही सांगितले की नास्तिकता वाढण्यात श्रद्धावंतांच्या वागण्याचा वाटा असू शकतो. तेव्हा अशा मृतासाठी प्रार्थना अवश्य करावी, पण आपल्या घरी, दार लावून. त्याच्या चितेपाशी क्रूसाची खूण करू नये, घरच्यांच्या हाती जपमाळ ठेवू नये आणि शेवटी तो आपल्याकडे वळला होता, अशी वदंता तर मुळीच उठवू नये. चर्चच्या फलकावर त्याचे नाव लागले नाही, तरी मिस्साच्या वेळी मनात घेता येते.