किती शितांवरून किती भाताची परीक्षा?

नावात ‘शास्त्र’ असूनही मानसशास्त्र आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत कला शाखेत शिकवले जाते आणि त्याबद्दल दोन्हीकडून कुरकुर ऐकू येते. विज्ञानवाल्यांना ते पुरेसे शास्त्र वाटत नाही. बीएला आलेल्या विद्यार्थ्याला प्रमाण विचलन आणि सहसंबंध गुणक समोर आले की फसवणूक झाल्यासारखे वाटते. तो आलेला असतो फ्रॉइड, स्वप्ने आणि मनोविकार यांच्या ओढीने; दहावीनंतर पुढच्या दाराने घालवलेले गणित असे मागच्या दाराने परत येईल, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. माझे म्हणणे असे की पदवीच्या पातळीवर या विषयाचा खरा कस त्या नावडत्या भागातच आहे, आणि त्या भागाची गरज विज्ञान शाखेपेक्षा कला शाखेला अधिक आहे.

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण भाताला लागू पडते, कारण पातेल्यातले सगळे दाणे एकाच जातीचे, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात. माणसांच्या बाबतीत यातली एकही अट पुरी होत नाही, तरी आपण ती म्हण बिनदिक्कत चालवतो: अमुक गावची माणसे चिकट, तमुक जातीचे लोक तापट, हल्लीची मुले आळशी. इतिहास, साहित्य, राज्यशास्त्र हे विषयही अखेर माणसांविषयी विधाने करतात. पण किती माणसे पाहिली, ती कोणी आणि कशी निवडली, उलटे उदाहरण शोधले का, हे प्रश्न नेमाने विचारायला लावणारे पेपर कला शाखेत मोजकेच. नमुना निवडीचे प्रकरण म्हणजे दुसरे काय आहे? कोणते पातेले, किती शिते आणि किती चुकण्याची शक्यता, एवढाच त्याचा विषय. हे एकदा अंगी मुरले की वर्तमानपत्रातल्या पाहणीचा मथळा पूर्वीसारखा वाचता येत नाही.

दुसऱ्याबद्दलच्या खात्रीइतकीच आपल्याला स्वतःच्या मनाबद्दलही खात्री असते आणि तिथे प्रात्यक्षिक कामाला येते. आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचा जुना प्रयोग घ्या. एक विद्यार्थी प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त, मध्ये एक पडदा आणि हातात स्टॉपवॉच. फेरीगणिक वेळ आणि चुका सहसा कमी होत जातात. पण प्रयुक्ताला विचारावे तर हात भरून आला, शेवटी शेवटी काही जमेना, असेही तो सांगू शकतो. दोन्ही नोंदी प्रामाणिक असतात आणि त्या जुळत नाहीत. आपल्याला काय वाटले आणि आपल्या हातून काय घडले यांत अंतर असू शकते, हे तत्त्वज्ञानाच्या तासाला ऐकणे वेगळे आणि स्वतःच्याच कोष्टकात पाहणे वेगळे.

परिभाषेचेही तसेच. ‘ऋण प्रबलन’ हा शब्द बोजड आहे खरा, आणि परीक्षेत निम्मे जण त्याचा अर्थ ‘शिक्षा’ असा लिहीत असतील तर आश्चर्य नाही. पण बाजारात हटून बसलेले मूल आठवा. ते रडते, आई त्याच्या हातात मोबाइल देते, रडणे थांबते. मुलाला बक्षीस मिळाले, हे कोणालाही दिसते. आईलाही काही मिळाले, नकोसा आवाज थांबला, म्हणून पुढच्या वेळी ती मोबाइल आणखी लवकर देणार, हे दाखवायला तो बोजड शब्दच लागतो. ‘आईच लाडावते’ या शेऱ्यात दोष दिला जातो. या शब्दात एकमेकांना घडवणाऱ्या दोन वर्तनांची साखळी दिसते.

आता आक्षेप. पहिला पोटापाण्याचा: नुसत्या बीएवर काय मिळते? समुपदेशनाची पाटी लावण्याइतके तर नक्कीच नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर पदवीनंतरचे प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ते योग्यच आहे. तीन वर्षांच्या वाचनावर कोणी दुसऱ्याच्या दुःखाला हात घालू नये. पण हा आक्षेप इतिहासालाही लागू आहे, आणि पदवीची किंमत केवळ पगारात मोजायची असेल तर प्रश्न सबंध कला शाखेचा होतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. हे पातेलेच परके आहे, असे तो म्हणतो. म्युलर-लायर यांच्या १८८९ मधल्या बाणाग्रांच्या भ्रमाचा प्रयोग आपण डोळ्यांचा सार्वत्रिक नियम म्हणून करतो; पण सेगल, कॅम्पबेल आणि हर्सकोव्हिट्स यांनी १९६६ साली मांडलेल्या तुलनेत तो भ्रम निरनिराळ्या समाजांत कमी-जास्त आढळला. याचे कारण काय, यावर अजून वाद आहे. पण हा दोष दाखवला कोणी? मोजणाऱ्यांनीच, आणखी शिते तपासून. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवली, ती भाषांतर करून भागत नाही हे ओळखूनच. प्रश्नांचा क्रम, वयाची पातळी, सगळेच इथल्या मुलांवर तपासून पाहावे लागते. परकेपणावर हाच उतारा आहे आणि तो अजून फार कमी प्रमाणात दिला गेला आहे.

राहिला तिसरा आक्षेप, की या शास्त्राचे निष्कर्षच टिकत नाहीत. २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने प्रसिद्ध झालेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्के प्रयोगांत लक्षणीय परिणाम मिळाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत तो असल्याचे लिहिलेले होते. उलट एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये केवळ स्वतःवर, एकाच शितावर, काढलेला विस्मरणाचा आलेख मात्र त्याच २०१५ साली नव्याने केलेल्या प्रयोगातही जवळपास तसाच आला. म्हणजे नुसती संख्या वाढवून भागत नाही. काय मोजले, किती काटेकोरपणे मोजले आणि नको असलेला आकडा दडवला का, हेही पाहावे लागते.

इथेच आपल्या वर्गाची गोष्ट येते. आपल्याकडे प्रात्यक्षिकाच्या वहीलाही ‘जर्नल’ म्हणतात आणि संशोधनाच्या नियतकालिकालाही. परीक्षेच्या आदल्या रात्री आकडे ‘बसवून’ पुरी केलेली वही आणि मनाजोगता निकाल आलेलेच प्रयोग छापणारे नियतकालिक, दोघांनाही रोग एकच. पहिल्या जर्नलमध्ये तरी तो आपल्या हातात आहे. ‘अपेक्षित निष्कर्ष मिळाला नाही’ असे लिहून त्याची संभाव्य कारणे मांडणाऱ्या विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत पूर्ण गुण द्यायला बाहेरून आलेल्या परीक्षकाला कुठलाही नवा अभ्यासक्रम लागत नाही.