टाळ्या वाजवणारे हात

बारामती-इंदापूरची ओळख ऊस, द्राक्षे आणि दूध यांची. परंतु फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पुणे पोलिसांनी छापा घातला, शेकडो किलो मेफेड्रोन हाती लागले, आणि हे विष आपल्या उंबरठ्यापर्यंत आल्याचे आपल्याला कळले. तरुण मुलांच्या बापाच्या तोंडून मग सहज निघते, ‘असल्यांना जागीच गोळ्या घातल्या पाहिजेत.’ हा संताप खरा आहे. म्हणूनच तो विवेकाच्या कसोटीला लावला पाहिजे.

फिलिपिन्समध्ये हाच संताप सत्तेवर आला. देश बहुसंख्य कॅथलिकांचा. २०१६ मध्ये अध्यक्ष झालेल्या रोद्रिगो दुतेर्ते यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत पोलिसांकडून सहा हजारांहून अधिक माणसे मारली गेली, असे सरकारी आकडेच सांगतात. ‘त्याने प्रतिकार केला’ हे ठरावीक स्पष्टीकरण. ऑगस्ट २०१७ मध्ये मारल्या गेलेल्या किआन देलोस सांतोस या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याबद्दलही तेच सांगण्यात आले. पुढच्या वर्षी न्यायालयाने तीन पोलिसांना खुनी ठरवले. बिशपांनी फेब्रुवारी २०१७ मध्येच या हत्यांचा जाहीर निषेध केला होता. तरीही दुतेर्ते लोकप्रियच राहिले. टाळ्या वाजवणाऱ्यांत मिस्साला जाणारेही होते.

आपल्याकडे या प्रकाराला ‘चकमक’ म्हणतात. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला पोलिसांनी उचलले आणि त्याच दिवशी तो ‘चकमकीत’ मारला गेला. ती चकमक बनावट होती, असा निर्णय सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आणि तेरा पोलिसांना दोषी ठरवले. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने, आधी निर्दोष सुटलेल्या एका अधिकाऱ्यालाही जन्मठेप सुनावली. त्याआधी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी बंधनकारक केली होती.

कोणी म्हणेल, न्यायालये वर्षानुवर्षे रेंगाळतात, तोवर आमची मुले मरतात. हे दुःख नाकारता येत नाही. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी पोलिसाने झाडलेली गोळी वेगळी, हेही खरे. परंतु ताब्यात असलेल्या माणसाला मारणे हा पाचव्या आज्ञेचा भंगच आहे. शिवाय मेलेला माणूस साक्ष देत नाही. पुडी विकणारा मरतो आणि पोती पुरवणारा निर्धास्त होतो.

प्रभू येशूच्या शेजारच्या क्रूसावर एक गुन्हेगार होता. शेवटच्या घटकेला त्याला पश्चात्ताप झाला आणि नंदनवन लाभले. तेवढी घटका कोणाकडून हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

व्यसनात अडकलेला मुलगा शेजारच्या घरात असेल, तर त्याच्या आईसोबत उपचारकेंद्रापर्यंत चालत जाणे आपल्या हाती आहे. विक्रेत्याविरुद्ध न्यायालयात साक्ष देणेही आपल्या हाती आहे. या दोन्ही गोष्टींना टाळ्या वाजवण्यापेक्षा अधिक धैर्य लागते.