फोटो काढणे म्हणजे काय काढणे?

मराठीत चित्र काढतात आणि फोटोही काढतात. क्रियापद एकच. पण विहिरीतून पाणीही काढतात, ताकातून लोणी काढतात, पायातला काटा काढतात. चित्रकार काढतो तेव्हा कोऱ्या कागदावर नव्हते ते आणतो. छायाचित्रकार काढतो तेव्हा काठोकाठ भरलेल्या जगातून काहीतरी वर आणतो. पहिले काढणे रेखाटण्याचे, दुसरे शेंदण्याचे. बोलताना हा फरक आपण करत नाही आणि त्याने काही बिघडतही नाही. पण छायाचित्रण ही कला आहे का, या प्रश्नावर युरोप-अमेरिकेत जो दीर्घ वाद झाला, त्याच्या मुळाशी मला या दोन काढण्यांमधला गोंधळ दिसतो. कॅमेऱ्याने पहिल्या अर्थाने काढून दाखवावे, अशी अपेक्षा फार काळ केली गेली. दुसऱ्या काढण्याचे मोल कळायला बराच काळ जावा लागला.

सुरुवातीला तर माणूस काही काढतो आहे, असेच कुणाला वाटत नव्हते. जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दागेरच्या छायाचित्रण पद्धतीच्या शोधाची घोषणा झाली, तेव्हा कौतुक झाले ते रसायनाचे आणि प्रकाशाचे. इंग्लंडमध्ये याच खटपटीत असलेल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने १८४४ पासून छायाचित्रांचे पुस्तक भागाभागाने काढले. त्याचे नाव ‘द पेन्सिल ऑफ नेचर’, म्हणजे निसर्गाची लेखणी. निसर्ग स्वतःच स्वतःला रेखाटतो, माणसाने फक्त कागद पुढे धरायचा, हा भाव त्या नावातच आहे.

पण त्याच पुस्तकात ‘द ओपन डोअर’ नावाचे एक छायाचित्र आहे. उघडे दार, आत अंधार, आणि दाराशी टेकवलेला एक खराटा. खराट्याची तिरकी रेघ दारावर पडलेल्या सावलीच्या रेघेशी जुळते. टॅल्बटने हे दृश्य पुन्हा पुन्हा मांडून पाहिले होते. साध्या घरगुती वस्तूंकडे असे पाहण्याला डच चित्रकलेचा आधार आहे, हेही त्याने सोबतच्या मजकुरात नोंदवले. लेखणी निसर्गाची म्हणायची, पण खराटा कुठे टेकवायचा हे मात्र स्वतः ठरवायचे! छायाचित्रणातला कलावंत या सुरुवातीच्या पुस्तकातच हजर होता. त्याला स्वतःला त्याचे नाव ठाऊक नव्हते, इतकेच.

त्याला नाव मिळाले, पण ते न्यायालयात आणि एका चोरीमुळे. फ्रेंच कवी बोदलेअरने १८५९ साली छायाचित्रणाला बजावले होते की त्याने विज्ञानाची आणि कलांची नम्र दासी व्हावे, कल्पनेच्या प्रांतात पाऊल टाकू नये. त्यानंतर थोड्याच काळात पॅरिसमधल्या मायेर आणि पियेरसों या छायाचित्रकारांनी, आपण काढलेली इटालियन मुत्सद्दी काव्हूरची छबी दुसऱ्यांनी छापून विकली म्हणून दावा लावला. प्रतिवादींचा बचाव बिनतोड वाटावा असा होता. कायद्याचे संरक्षण कलाकृतीला आहे, फोटो हे यंत्राचे काम आहे, मग त्याची नक्कल ही चोरी कशी? खालच्या न्यायालयाने ते मान्य केले. वरच्या न्यायालयाने १८६२ च्या एप्रिलमध्ये निकाल फिरवला आणि छायाचित्रातही कर्त्याची बुद्धी आणि अभिरुची उमटू शकते, म्हणून ते कलाकृती ठरू शकते, असा निर्णय दिला. याविरुद्ध चित्रकारांनी काढलेल्या निषेधपत्रकावर खुद्द विख्यात फ्रेंच चित्रकार आंग्रची सही होती. एखाद्या कलेला कला म्हणून पहिली मान्यता मालकीच्या भांडणातून मिळावी, हे मला अर्थपूर्ण वाटते. चोराला जे उचलावेसे वाटले ते यंत्राने केलेले नव्हते. ते कुणाचे तरी होते.

मान्यता मिळाली तरी संकोच गेला नाही. ज्यांना कलावंत व्हायचे होते ते चित्रकारासारखे दिसण्याची धडपड करत राहिले. या निकालाच्या आधीच, १८५७ साली, ऑस्कर रेलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून ‘टू वेज ऑफ लाइफ’ हे रूपकचित्र उभे केले. पुढच्या पिढीतल्या पिक्टोरियलिस्ट मंडळींनी छपाईच्या रसायनात रंगद्रव्य मिसळले, ओल्या प्रतीवर ब्रश फिरवले, धुके आणि चांदणे आणले. एडवर्ड स्टायकेनचे १९०४ मधले ‘द पाँड, मूनलाइट’ पाहिले की ते सुंदर आहे हे नाकारता येत नाही. पण या सगळ्यामागे एक भीती आहे. हाताचा माग दिसला नाही तर लोक आपल्याला कारागीर म्हणतील, ही ती भीती.

आपल्याकडे हा प्रश्न असा उभाच राहिला नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते आणि स्वतः छायाचित्रे काढत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे शिक्षण सुरू झाले आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत आपला स्टुडिओ थाटला. सरकारला कॅमेरा हवा होता तो नोंदीसाठी, म्हणजे लेणी, देवळे आणि ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत वर्गवारी करून बसवलेली माणसे यांच्यासाठी. लोकांना मात्र छबी हवी होती. मग स्टुडिओतले चित्रकार फोटोवर रंग चढवू लागले, कधी इतका दाट की खालचा फोटो फक्त चेहऱ्यापुरता उरे. ब्रश आणि कॅमेरा एकाच खोलीत नांदले. कोण कलावंत आणि कोण कारागीर, हा तंटा तिथे कुणी मांडला नाही.

हात दाखवण्याच्या त्या धडपडीच्या काळात ज्युलिया मार्गारेट कॅमेरून वेगळी उठून दिसते. तिचा जन्म १८१५ चा, कोलकात्याचा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. तिने कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि काचेचे छत असलेल्या खुराड्यातल्या कोंबड्या हलवून तिथे स्टुडिओ केला. तिचे चेहरे किंचित अस्पष्ट असत, काचेवर ओरखडे आणि बोटांचे ठसे राहात. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीतल्या जाणकारांनी याला अडाणीपणा म्हटले. फोकस म्हणजे काय, आणि योग्य फोकस कोणता हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा, असा सवाल तिने १८६४ साली शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना लिहिलेल्या पत्रात केला. तंत्राच्या भाषेतला हा प्रश्न खरे तर कलेचा होता. ब्रशने नंतर काही चढवण्याऐवजी ती पाहण्याच्या क्षणातच ढवळाढवळ करत होती. तिने १८६७ मध्ये काढलेल्या हर्शेल यांच्या छायाचित्रात विस्कटलेल्या पांढऱ्या केसांतून उजेड फुटतो. तो उजेड कुणी वरून घातलेला नाही. तिथे होता, तो तिने बाहेर काढला.

या जाणिवेचे तत्त्वज्ञान व्हायला आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यावा लागला. १९०३ पासून तो न्यूयॉर्कहून ‘कॅमेरा वर्क’ हे देखणे नियतकालिक काढत होता आणि १९०५ पासून फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या छोट्या जागेत गॅलरी चालवत होता. पिक्टोरियलिस्टांचा तो पुढारीच. पण १९०७ साली युरोपला जाताना पहिल्या वर्गाच्या डेकवरून त्याने खालच्या डेकवरची गरीब माणसांची गर्दी पाहिली. एक गोल टोपी, कलते धुराडे, पांढरा पूल, पाठीवर फुली झालेले पट्टे. त्याने पुढे लिहिले आहे की तो धावत केबिनमध्ये गेला. कॅमेऱ्यात एकच प्लेट उरली होती, आणि परत येईपर्यंत तो टोपीवाला जागचा हलू नये एवढीच त्याची इच्छा होती. तो हलला नाही. ‘द स्टीअरेज’ हे ते छायाचित्र. ते ‘कॅमेरा वर्क’मध्ये छापायला त्याने चार वर्षे घेतली. आपणच जे काढले ते कला आहे, याची खात्री पटायला त्यालाही वेळ लागला असावा, असे मला वाटते. इथे ब्रश नाही, धुके नाही. आहे फक्त निवड, पण ती इतकी घट्ट की एक रेघ हलली तर सगळे सुटेल.

पुढे १९२२ पासून तो ढगांचे फोटो काढू लागला. त्याच्या छायाचित्रांची ताकद त्यातल्या माणसांमुळे आहे, अशी टीका झाली होती. ढग हे त्या टीकेला त्याने दिलेले उत्तर होते. ढग सगळ्यांना फुकट आहेत. आता सांगा ताकद कुणाची? त्या मालिकेला त्याने ‘इक्विव्हॅलंट्स’ असे नाव दिले. मनातल्या भावाला तोडीस तोड असे काहीतरी बाहेर सापडते, एवढेच त्याचे म्हणणे. मला हे छायाचित्रणाच्या इतिहासातले सर्वांत धाडसी विधान वाटते. आतले सांगण्यासाठी बाहेरचे बिघडवावे लागत नाही.

इथून पुढची वाट सरळ आहे. एडवर्ड वेस्टनने १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली आणि तिच्या वळणांतून माणसाचे स्नायू, पाठ, आलिंगन असे सगळे दिसू लागले. त्याचा सहकारी अॅन्सेल अॅडम्स तरुणपणी पियानोवादक होता. तो निगेटिव्हला स्वरलिपी म्हणे आणि प्रिंटला वादन. आपल्याला हे समजायला मुळीच जड नाही. बंदिश तीच असते, मैफल दर वेळी वेगळी होते. अॅडम्सने १९४१ मध्ये हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाची एक निगेटिव्ह घेतली आणि आयुष्यभर तिच्या प्रती काढल्या. वर्षे गेली तसे त्या प्रतींतले आकाश अधिकाधिक काळे होत गेले. ज्या हातासाठी पिक्टोरियलिस्ट तळमळत होते तो हात इथे परत आला, पण आता त्याला ब्रशाची नक्कल करायची गरज नव्हती.

मराठीत आणखी एक शब्द आहे, टिपणे. पाखरू दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो, आणि छायाचित्रकार क्षण टिपतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा टिपणाऱ्यांचा मुकुटमणी. पॅरिसच्या सेंट लझार स्थानकामागे, फळकुटांच्या कुंपणाच्या फटीतून १९३२ साली त्याने पाण्यावरून उडी घेणारा माणूस टिपला. टाच अजून पाण्याला टेकलेली नाही. हे नशीब नव्हे. तो चित्रकलेत तयार झालेला माणूस होता. रचना त्याच्या नजरेत आधीपासून होती, क्षण तिच्यात येऊन बसला. पाखराला दाणा दिसतो, कारण त्याला भूक असते.

संग्रहालयांनी यथावकाश दारे उघडली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४० मध्ये छायाचित्रणाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. तरी रंगीत फोटोला बराच काळ दुय्यमच लेखले जाई. तो जाहिरातींचा आणि कौटुंबिक अल्बमचा समजला जाई. विल्यम एगलस्टनचे रंगीत प्रदर्शन १९७६ मध्ये तिथे लागले तेव्हा टीकेचा भडिमार झाला. त्याच सुमारास आपल्याकडे रघुबीर सिंह रंगातच काम करत होते. भारत पाहायचा तर रंग वगळून पाहता येत नाही, ही त्यांची भूमिका होती. पश्चिमेने मोठ्या कष्टाने जे पाऊल टाकले ते त्यांच्यासाठी घरचे होते. आज दयानिता सिंह लाकडी चौकटींची हलती संग्रहालये बनवतात, ज्यांतली छायाचित्रे पुन्हा पुन्हा नव्या क्रमाने लावता येतात. त्यांनी भिंतीवरच्या एकुलत्या फ्रेमची सक्तीही मोडली.

मग आता वाद संपला का? उलट, तो आज जास्त गरजेचा झाला आहे. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेतला पुरस्कार नाकारला, कारण ती प्रतिमा त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून बनवून घेतली होती. हे आणि छायाचित्र यांना एका पंगतीत बसवू नका, असे त्याचे म्हणणे. मला त्याचा आग्रह रास्त वाटतो. अशी प्रतिमा सुंदर असेल, कलाही असेल, पण ती कुठूनही काढलेली नाही. समोर कुणी नव्हते.

आणि इथे ‘काढणे’चा एक अर्थ मला आठवतो, जो मी सुरुवातीला सांगितला नाही. आपण कर्जही काढतो. पॉल स्ट्रँडने १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या एका अंध बाईचा फोटो काढला. गळ्यात ‘ब्लाइंड’ अशी पाटी, एक डोळा मिटलेला. आपला फोटो निघतो आहे हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता. ते छायाचित्र आधुनिक कलेचा टप्पा ठरले, तिला काय मिळाले? सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. घाणीत कमरेपर्यंत उतरलेली ती माणसे पाहताना रचना, उजेड, छटा हे सगळे जाणवते, पण त्याहून जास्त जाणवते ते हे की आपण यांचे देणे लागतो. छायाचित्र कला झाले तरी त्यातला माणूस विषय होऊन संपत नाही. तो होता, त्याने उजेड परत फेकला, तो उजेड काचेवर पडला.

टॅल्बटच्या त्या दाराशी टेकलेला खराटाही कुणाच्या तरी रोजच्या हातातला होता. अंगण झाडणारे ते हात चित्रात नाहीत. तरी आज त्या चित्रासमोर थांबलो की नजर प्रथम खराट्याकडे जाते, आणि मग दारातल्या अंधारात कुणी दिसते का, ते शोधू लागते.