येसकराची भाकर आणि निराधाराचे अनुदान



जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांत एक टोमणा आपल्या कानांवर वारंवार पडतो : 'सरकारचे जावई !' निराधाराचे अनुदान असो, मुलाची शिष्यवृत्ती असो वा घरकुल असो; कागद घेऊन कोणी जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या कचेरीची पायरी चढला की हा शब्द ठरलेला. त्या लाजेपायी एखादी विधवा अर्जच करीत नाही. उलट, नव्याने धम्मात आलेला तरुण विचारतो, "बाबासाहेबांनी स्वाभिमान शिकविला, मग सरकारपुढे हात कशाला पसरायचा?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर दिले पाहिजे.

प्रथम आपल्या पणजोबांची भाकर आठवा. येसकर गावाची राखण करी, निरोप घेऊन कोस कोस चाले, मेलेली गुरे ओढी. आणि एवढ्या कष्टांचा मोबदला काय ? दारोदार फिरून मागितलेली शिळी भाकर ! म्हणजे गावाने आमची मजुरी भीक म्हणून वाढली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले ते ही गुलामी मोडण्यासाठीच. आज तीच खोड नव्या रूपाने आली आहे. काल मजुरीला भीक म्हटले, आज हक्काला भीक म्हणतात. शब्द त्यांचा आहे. तो आपण का उचलावा?

त्याच १९२८ साली स्त्री-कामगारांच्या प्रसूतीभत्त्याचे बिल कौन्सिलापुढे होते. मातेला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा भार सरकारने उचलावा, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. पुढे संविधानाच्या ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत नागरिकाला साहाय्य देण्याची तजवीज राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे करावी, असे आले. या कलमावर कोर्टात दावा लागत नाही हे खरे. पण राज्याचे कर्तव्य त्यात नोंदलेले आहे.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाने हे कर्तव्य दारात आणून उभे केले. रोजगार हमीचा कायदा १९७९ पासून अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून पगारदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय-कर बसला होता. मजुरांनी पाझर तलाव खोदले, रस्ते केले. त्या तलावांनी विहिरींना पाणी आले ते बागायतदारांच्याही. मग जावई कोण आणि सासरा कोण ?

तथागतांनी कूटदंत सुत्तात एका राजाची गोष्ट सांगितली आहे. राज्यात चोऱ्या माजल्या. पुरोहिताने सल्ला दिला : दंडाने हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकराला वेतन द्या. राजाने तसे केले आणि लोक निर्भयपणे नांदू लागले. तेथे दया नाही, व्यवस्था आहे. आपल्या जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखही हेच दाखवितात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे व पाण्याचे टाके दिले. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवून नियमित उत्पन्नाची सोय केली गेली. देणाऱ्याच्या लहरीवर घेणाऱ्याचे पोट ठेवू नये, ही समज या मातीत दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.

परंतु हक्काबरोबर शीलही आले. धडधाकट पोरे सांभाळीत असताना आईला निराधार दाखविणे, उत्पन्नाचा खोटा दाखला काढणे, दलालाला वाटा देणे, हे पंचशीलातील दुसऱ्या व चौथ्या शीलाचा भंग करणारे आहे. खोटा अर्ज खऱ्या निराधाराच्या तोंडचा घास काढतो आणि टोमणा मारणाऱ्याला पुरावा देतो.

म्हणून येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की शिकलेल्या मुला-मुलींनी वही घेऊन बसावे. वस्तीत कोण वृद्ध, कोण विधवा, कोण अपंग आहे, कोणाचा दाखला अडला आहे, हे लिहावे. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० साली मिळाल्या. त्यासाठी आपल्या माणसांनी वर्षानुवर्षे झगडा केला होता. डोंगराकडच्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी मायबहिणींचे अर्जही आपणच लिहावेत. करुणा जात विचारीत नाही. आणि म्हातारीला कचेरीत एकटी पाठवू नये. तिच्याबरोबर जावे, तिला बाकावर ताठ बसवावे, पावती मागून घ्यावी. हात पसरायचा नाही. सही करायची आहे.

जयभीम !