घरात राहतोस की वर्ग भरवतोस?

काय रे सेक्रेटरी, सोसायटीच्या सभेत काल फार गरजलास म्हणे! "घरमालक मरतो आणि व्यापारी मजा मारतो, मिळकतकर वाढवायचा तर दुकानांचा वाढवा." टाळ्या पडल्या. आता इकडे बघ. सातवीत शेकडेवारी तुला मी शिकवली. तुला पास केलं, ही माझीच चूक.

तिसऱ्या मजल्यावर तू राहतोस. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅटही तुझाच. तिथे सकाळी सहापासून क्लासच्या तीन बॅचेस. परवा तुझ्या आईला भेटायला आले, तर जिन्यातल्या चपलांच्या ढिगावरून पडता पडता वाचले. आणि पुणे महापालिकेच्या दप्तरी तिथे कोण राहतं? तू, सहकुटुंब! स्वतः राहत असल्याचा पीटी-३ अर्ज भरून, खाली सही ठोकून मिळकतकरातली ४० टक्के सवलत लाटतोस. पोरांना कोणत्या तोंडाने गणित शिकवतोस रे?

ही सवलत १९७० पासूनची. राहत्या घरातून मालकाला चार पैसे मिळत नाहीत, म्हणून दिलेली. घर भाड्याने दिलं की ती जाते. मध्ये सरकारने काढून घेतली तेव्हा अख्खं पुणे बोंबललं, २०२३ साली परत मिळाली. ती काय तुझ्या क्लासच्या बाकांसाठी?

तुझ्या खाली तो शिंपी बसतो. दहा बाय दहाचा गाळा, त्यात दोन मशिनं. काजं करायला बायको दाराबाहेर पायरीवर. तो बिगरनिवासी दराने भरतो. "ते काय, गिऱ्हाइकाकडून काढतात," म्हणालास. कुणाकडून? पँटची उंची कमी करायला वीस रुपये जास्त मागितले म्हणून तूच तर त्याच्याशी हुज्जत घातलीस. तू मात्र वर्षाची फी जूनमध्येच मोजून घेतोस.

व्यापारी धुतल्या तांदळाचे आहेत, असं मी म्हणत नाही. पार्किंगमध्ये टेबलं मांडणारे मलाही दिसतात. पण अन्यायावरच बोलायचं तर नीट बोल. माझंच घे. पेठेतलं जुनं घर, कर ज्यावर बसतो ते भाडेमूल्य कुठल्या काळी ठरलेलं, त्यामुळे माझं बिल सांगायचीही लाज वाटते. २०२१ साली हद्दीत आलेल्या गावातला नवा फ्लॅटवाला माझ्याहून कितीतरी जास्त भरतो आणि वर टँकर मागवतो. मुंबईने २०१० पासून करासाठी भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्य धरलं, ते जुन्या-नव्यातल्या याच तफावतीपायी. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था करही गेला; पालिकेच्या हाती स्वतःचा मोठा कर म्हणावा असा हाच उरलाय. हे सभेत मांडलं असतंस, तर मीही टाळी दिली असती.

मान वर कर. उद्या कर आकारणी विभागात जायचं आणि वापर बदलल्याचं लिहून द्यायचं. मागचा फरक निघेल, थकबाकीला महिना दोन टक्के पडतात. वर्षाचे किती झाले? बोटं मोजू नकोस. कागदावर मांड आणि संध्याकाळी दाखवायला ये. कॅल्क्युलेटर घरी ठेवून.