दृष्टीआडची सृष्टी

जी हानी डोळ्यांना दिसत नाही, तिचा दोष कर्त्याला लागतो काय? सरोवराच्या तळाकडे पाहिले असता या जुन्या प्रश्नाचे गांभीर्य कळते.

हिमालयाच्या कुशीतील नैनीतालचे उदाहरण घ्यावे. काठी नयनादेवीचे मंदिर आहे. नगराला पिण्याचे पाणीही या सरोवरामुळेच मिळते. १८४१ नंतर तेथे वस्ती वाढत गेली आणि सांडपाणी, मैला व उतारावरील माती नाल्यांवाटे सरोवरात उतरू लागली. अशा मळावर शेवाळ पोसते. ते मरून तळाशी कुजते, तेव्हा तेथील प्राणवायू वेचला जातो. उन्हाळ्यात वरचे उष्ण, हलके पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही; त्यामुळे ही तूट भरून निघत नाही.

तळाच्या चिखलात अळ्या, कृमी, गोगलगायी व शिंपले यांचा संसार असतो. कुजके पान कोणी खाते, कोणी पाणी गाळते, आणि शेवटी ते माशांचे अन्न होतात. गीतेतील यज्ञचक्राचेच हे मूक सेवक होत. प्राणवायू घटला की यांतील नाजूक जीव प्रथम नाहीसे होतात. काही तांबड्या अळ्या व बारीक कृमी तेवढे तग धरतात. प्राणवायू पुरता संपल्यावर त्यांचाही निभाव लागत नाही. मग चिखलात साठलेले स्फुरद पाण्यात सुटते व शेवाळ पुन्हा माजते. पूर्वकर्म असे नवी फळे देत राहते.

कोणी म्हणेल, माझ्या घरचे सांडपाणी ते कितीसे? आणि जीव मारण्याचा हेतू तरी कोठे होता? हेतू नव्हता, हे खरे. परंतु परिणाम, हानी व हिंसा यांचा विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्माला गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस म्हटले आहे. अजाणता घडले त्याला क्षमा असू शकेल. कळल्यानंतरही तसेच चालविणे हा दोषच होय. सहस्र घरांत वाटला गेल्याने तो नाहीसा होत नाही.

२००७ मध्ये नैनीतालच्या तळाशी यंत्राने हवा सोडण्यास आरंभ झाला. गुदमरणाऱ्याला श्वास देणे अवश्यच होते. तथापि घाण येतच राहिली, तर तेवढ्याने प्रायश्चित्त पुरे होत नाही. म्हणून गृहस्थाने आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते याचा शोध घ्यावा, ते शुद्ध केल्याविना जलाशयात जाऊ नये असा आग्रह नगरसभेकडे धरावा आणि निर्माल्य पाण्यात न टाकता मातीला द्यावे. सर्व भूतांच्या ठायी ईश्वर पाहणाऱ्याने चिखलातील या जीवांना त्यातून वगळू नये.