झाक म्हटलं होतं, पूस नव्हे

ये इकडे. बसू नकोस, उभाच राहा. ही यादी तुझीच ना? सातारचे ११ तालुके, सांगलीचे १०, त्यांतली गावं. छापलेला कागद देखणा आहे. कराडचं नाव एकदाच वर, खाली नुसती गावं. एकच नाव पानभर छापू नकोस, हे मीच म्हणालो होतो. पण मी झाकायला सांगितलं, तू डिलीट मारलंस!

वर ती फाइल गावांच्या नावानं सॉर्ट करून सेव्हही केलीस. आता वाच. वाठार, वाठार, वाठार, वाठार. चौघांपुढे तालुका कोरा. कराडचं कुठलं? फलटणचं कुठलं? कोरेगावात तर दोन आहेत, स्टेशन आणि किरोली. तेवढी शेपटंही तुला जड झाली?

म्हणे, ‘सर, जुन्या वह्यांत वरीलप्रमाणे लिहायचेच की.’ लिहायचे. वहीतली ओळ जागची हलत नव्हती, म्हणून ‘वरील’ला अर्थ होता. शीटमधली ओळ एका क्लिकवर कुठल्या कुठे जाते. तिचं नाव तिच्याजवळच हवं.

अंदाजानं भरतोस? जिल्ह्याचा रकानाही तू कोरा केलायस. १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा निघाला, १९६० साली त्याचं सांगली झालं. विट्यातल्या एखाद्या घरात आजोबांच्या कागदावर सातारा, वडिलांच्या कागदावर दक्षिण सातारा, नातवाच्या कागदावर सांगली. तुझा अंदाज यातलं काय लिहिणार?

आता नीट ऐक, पुन्हा सांगणार नाही. प्रत्येक ओळीत जिल्हा, तालुका, गाव पूर्ण लिहायचं. आधी जिल्हा, मग तालुका असं सॉर्ट करायचं. तालुक्याचा कॉलम दुसऱ्या ओळीपासून निवडायचा, कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये फॉर्म्युला द्यायचा: =बी२=बी१. फॉरमॅटमध्ये नंबर, कस्टम, आणि तीन अर्धविराम: ;;; बस्स. नाव सेलमध्ये राहतं, कागदावर उमटत नाही. अक्षरं पांढरी करायची हुशारी नको, ओळीला रंग दिलास की ती भुतासारखी वर येतात. सेल मर्ज करायचे नाहीत, पुढे सॉर्ट अडतं. गावाच्या कॉलमला हा नियम लावायचा नाही. दोन वाठार म्हणजे पुनरुक्ती नव्हे, दोन गावं आहेत ती! आणि तालुका बदलला की पेज ब्रेक दे. एकाच तालुक्याची यादी दुसऱ्या पानावर गेली, तर त्या पानाच्या पहिल्या ओळीवरचा नियम काढ. नाहीतर वाचणारा पान हातात घेऊन तालुका शोधत बसेल.

सॉर्ट करून सेव्ह केलं नसतंस, तर रिकाम्या सेलांत वरचं नाव भरून पाच मिनिटांत सुटला असतास. आता एकेक गाव शोधून हातानं भरायचं. शेजाऱ्याला विचारायचं नाही.

जा. वाठारपासून सुरुवात कर.